मूळ किती, नवे किती : म्युलूझचे मोटार-संग्रहालय

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, जेथे फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या तिन्ही देशांच्या हद्दी एकमेकींना येऊन भिडतात, तेथे आल्सास प्रांतात म्युलूझ नावाचे एक गिरण्यांचे शहर आहे. स्वित्झर्लंडच्या सहलीस निघालेली आपली कुटुंबे बाझेलपर्यंत जातात आणि तेथून बर्फाच्या शिखरांकडे वळतात. बाझेलहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत म्युलूझ येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शहर देखणे म्हणावे असे नाही. परंतु ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापडाचा, सुताचा किंवा हिऱ्या-माणकांचा व्यापार चालत आला आहे, त्यांनी एक दिवस येथे अवश्य घालवावा. वस्तू जुनी झाली म्हणजे तिचे काय करावे, आणि दुरुस्त करताना तिच्यातले जुने किती ठेवावे, हा प्रश्न येथे ज्या स्पष्टपणे डोळ्यांपुढे उभा राहतो, तसा क्वचितच कोठे उभा राहत असेल.

या शहराचे भाग्य आपल्या देशातील कापडाने उघडले. सतराव्या शतकात हिंदुस्थानातील छापील सुती कापडाने युरोपला वेड लावले होते. तुरटीचा हात देऊन मंजिष्ठाने चढविलेला तो लाल रंग धुतल्याने जात नसे, आणि तेथील रंगाऱ्यांना ती विद्या अवगत नव्हती. आपल्या विणकरांचा धंदा बुडू नये म्हणून फ्रान्सच्या राजाने १६८६ मध्ये या कापडावर बंदी घातली; ती १७५९ पर्यंत टिकली. म्युलूझ तेव्हा फ्रान्समध्ये नव्हते. ते स्विस मंडळाशी मैत्री असलेले एक स्वतंत्र नगर होते. ही संधी साधून १७४६ मध्ये येथील उद्योजकांनी छापील कापडाचा पहिला कारखाना काढला. त्या कापडाला लोक ‘आंद्येन’, म्हणजे ‘हिंदुस्थानी’, असेच म्हणत. नक्कल म्हणून सुरू झालेला हा व्यवसाय पुढे स्वतःच्या गुणावर इतका वाढला की म्युलूझला ‘फ्रान्सचे मँचेस्टर’ हे नाव पडले. १७९८ मध्ये हे नगर फ्रान्समध्ये सामील झाले. छापील कापडाचा मोठा संग्रह आजही याच शहरात आहे. म्हणजे मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हा वाद म्युलूझच्या मातीतच आहे म्हणावयाचे.

आपल्याला जावयाचे आहे ते मात्र मोटारींच्या संग्रहालयात. स्थानकावरून ट्राम त्याच्या जवळपर्यंत नेते. इमारत बाहेरून पाहिली तर ती गिरणीच वाटते, आणि ती गिरणीच होती : लोकरीचे सूत काढणारी एक जुनी गिरणी. १९५७ मध्ये हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ या दोघा बंधूंनी ती विकत घेतली. हे दोघे स्विस नागरिक. हान्स १९०४ चे आणि फ्रिट्झ १९०६ चे. आई म्युलूझची असल्यामुळे ते लहानपणीच येथे आले, सुताच्या आणि लोकरीच्या व्यापारात शिरले आणि आल्सासमधील एकामागून एक गिरण्यांचे मालक झाले. फ्रिट्झला मोटारींचे, त्यातही बुगाटी मोटारींचे विलक्षण वेड. १९६३ मध्ये त्यांनी मोल्सहाइम येथील बुगाटी कारखान्याकडून अठरा गाड्या घेतल्या. १९६४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय येथील एका संग्राहकाच्या तीस बुगाटी एकदम विकत घेऊन त्या समुद्रापार आणविल्या. गाड्या येत राहिल्या आणि गिरणीच्या बंद दारांआड सुतार, पत्राकाम करणारे, गादीकाम करणारे आणि यंत्रकाम करणारे कारागीर त्यांचा जीर्णोद्धार करीत राहिले. कामाची वाच्यता करावयाची नाही अशी त्यांना ताकीद होती. पॅरिसच्या अलेक्झांडर पुलावरील दिव्यांच्या खांबांसारखे शेकडो खांब ओतवून घेऊन ते या सभागृहात उभे केले गेले. हे सर्व त्या बंधूंनी आपल्या मातेच्या स्मृतीस वाहिले होते.

पुढे काय झाले ते आल्सासमधील वृद्ध अजूनही सांगतात. लोकरीच्या धंद्याला उतरती कळा लागली, कामगारांना काढून टाकण्याची वेळ आली, आणि १९७६ मध्ये हे साम्राज्य कोसळले. दोघे बंधू सीमा ओलांडून बाझेलला निघून गेले. ७ मार्च १९७७ रोजी कामगारांनी दारे उघडून आत प्रवेश केला, आणि आपले वेतन थकविणाऱ्या मालकांनी आत काय जपून ठेवले होते ते जगाने प्रथमच पाहिले. दोन वर्षे कामगारांनीच ती जागा ताब्यात ठेवली आणि लोकांसाठी खुली केली. संग्रह तुकड्या-तुकड्यांनी विकला जाऊ नये म्हणून १९७८ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला. १९८२ मध्ये तो राष्ट्रीय संग्रहालय म्हणून रीतसर उघडण्यात आला. आज येथे चारशेहून अधिक गाड्या मांडलेल्या आहेत आणि त्यांत शंभराहून अधिक एकट्या बुगाटी आहेत.

आत शिरताच प्रथम जाणवते ती झळाळी. दिव्यांच्या रांगांखाली गाड्यांच्या रांगा, आणि प्रत्येक गाडी जणू आजच कारखान्यातून बाहेर पडली आहे अशी. थोड्या वेळाने मात्र मनात एक शंका डोकावू लागते. शंभर वर्षे रस्त्यावर धावलेल्या वस्तूवर शंभर वर्षांची एकही खूण कशी नाही? मग आपण पाहतो आहोत ती १९२६ ची मोटार, की १९६६ च्या कारागिरांनी केलेली तिची प्रतिमा?

ही शंका सर्वांत तीव्र होते ती ‘रोयाल’ मोटारींच्या दालनात. एत्तोरे बुगाटी यांनी राजेमहाराजांसाठी म्हणून हे वाहन कल्पिले. इंजिन आठ सिलिंडरांचे आणि सुमारे पावणेतेरा लिटरचे; वजन तीन टनांच्या आसपास; रेडिएटरच्या माथ्यावर मागच्या पायांवर उभा असलेला चांदीचा हत्ती, जो एत्तोरे यांचे शिल्पकार बंधू रेम्ब्रांट यांच्या कलाकृतीवरून घडविलेला. पंचवीस गाड्या काढण्याचा बेत होता. परंतु जागतिक मंदी आली, कोणी राजा गिऱ्हाईक म्हणून आला नाही आणि अवघ्या सहा गाड्या तयार झाल्या. उरलेली इंजिने फ्रान्सच्या रेल्वे-मोटारींना बसविण्यात आली. अशा सहांपैकी दोन गाड्या म्युलूझमध्ये आहेत : एत्तोरे यांची स्वतःची ‘कूपे नेपोलियन’ आणि लंडनच्या पार्क वॉर्ड यांनी बॉडी बांधलेली एक लिमोझिन.

पण दालनात गाड्या तीन दिसतात! तिसरी आहे ‘एस्दर्स रोडस्टर’. आर्मां एस्दर्स हे तयार कपड्यांचे बडे फ्रेंच व्यापारी. १९३२ मध्ये त्यांनी जी रोयाल घेतली, तिची दोन आसनांची उघडी, लांबलचक बॉडी एत्तोरे यांचे पुत्र झाँ यांनी रेखाटली होती. तिला पुढचे दिवेच नव्हते, कारण एस्दर्स यांना रात्री गाडी चालवावयाची नव्हती. सूर्यास्तानंतर चुलीकडे न पाहणाऱ्या आपल्या वाचकांना या गृहस्थांविषयी थोडी आपुलकी वाटावयास हरकत नाही! पुढे ती गाडी दुसऱ्या मालकाकडे गेली. त्याने ती बॉडी उतरवून पॅरिसच्या बिंदर यांजकडून त्याच सांगाड्यावर नवी, बंद बॉडी चढविली. ती गाडी आज दुसरीकडे आहे आणि पूर्णपणे अस्सल मानली जाते. उतरविलेली मूळ बॉडी मात्र कायमची नाहीशी झाली. म्युलूझमधील रोडस्टर ही श्लुम्फ यांनी जमविलेल्या काही मूळ सुट्या भागांचा उपयोग करून नव्याने उभी केलेली प्रतिकृती आहे, आणि संग्रहालय तिला प्रतिकृती म्हणूनच मांडते.

आता विचार करावा. ज्या गाडीचा सांगाडा अस्सल आहे, तिचे रूप एस्दर्स यांच्या गाडीचे नाही. जिचे रूप एस्दर्स यांच्या गाडीचे आहे, तिचा सांगाडा तो नाही. यांतील मूळ कोणती? ‘कूपे नेपोलियन’चाही इतिहास असाच आहे. रोयालचा जो पहिला नमुना तयार झाला, त्यावर आरंभी चक्क एका अमेरिकी पॅकार्ड गाडीची बॉडी बसविलेली होती. त्यानंतर तीवर अनेक बॉडी चढल्या आणि उतरल्या. एकदा खुद्द एत्तोरे चाकाशी बसले असता डुलकी लागून मोठा अपघात झाला आणि त्यानंतरच्या बांधणीतून आजचे रूप आले. तिला ‘मूळ रूपात’ आणावयाचे म्हटले, तर ते मूळ रूप कोणत्या वर्षीचे धरावयाचे?

हा प्रश्न केवळ रूपाचा नाही. तो पदार्थांचा आहे आणि तेथे तो अधिक अवघड होतो. रंगाचेच पाहा. पहिल्या महायुद्धापूर्वी गाड्या घोडागाडीप्रमाणे तेली रंगाने आणि व्हार्निशने रंगवीत. थर वाळण्यास आठवडे लागत. १९२० नंतरच्या दशकात नायट्रोसेल्युलोजचा फवारणीचा रंग आला आणि काम दिवसांवर आले. आजचा रंगारी दोन द्रव मिसळून होणारा पॉलियुरेथेन रंग मारतो. तो पाण्याला, पेट्रोलला, उन्हाला दाद देत नाही. पण त्याची चकाकी काचेसारखी असते, आणि जुन्या बॉडीच्या आत ॲशच्या लाकडाची जी चौकट असते ती रस्त्यावर हलते-वाकते, तेव्हा हा कठीण थर सांध्यांवर तडकण्याचा संभव असतो. मुलाम्याचेही तसेच. १९२५ च्या सुमारापर्यंत मोटारींच्या पितळी भागांवर निकेलचा मुलामा असे. निकेलची चमक किंचित पिवळसर, उबदार असते आणि ती वारंवार पुसून राखावी लागते. क्रोमियमची निळसर, थंड चमक त्यानंतरची. १९२२ च्या गाडीवर क्रोमियम दिसले की जाणता माणूस ओळखतो, जसा आपला सराफ सोने हातात घेताच ओळखतो.

याउलट काही मूळ पदार्थ ठेवू नयेतच असे आहेत. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांचा घात करते आणि फ्रान्सने १९९७ मध्ये त्यावर बंदी घातली. जुनी साधी काच फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे होतात. टायरचे रबर वर्षानुवर्षांत कडक होऊन भेगाळते; मूळ टायरवर वेगाने जाणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते; ते जुन्या रबरी नळ्या आणि लाखेचा लेप दिलेले बुचाच्या झाडाचे फ्लोट खाऊन टाकते, म्हणून ते बदलावे लागतात. विजेच्या तारा बाहेरून जुन्यासारख्या सुती विणीच्या आणि आतून आधुनिक प्लास्टिकच्या असतात. अशा फेरफारांना कट्टरातला कट्टर संग्राहकही सहसा नाव ठेवीत नाही.

यातून दोन पक्ष उभे राहिले आहेत. एक म्हणतो, मोटार ही धावण्यासाठी जन्मली; ती धावली पाहिजे, शोभली पाहिजे, त्यासाठी नवे पदार्थ घ्यावे लागले तर घ्यावेत. दुसरा म्हणतो, वस्तू मूळ अवस्थेत एकदाच असते; एकदा तिचा जुना रंग खरवडला, जुने लाकूड फेकले, की ती पुन्हा कधीच मूळ होऊ शकत नाही. दुसऱ्या पक्षाच्या विचाराची एक टोकाची साक्ष स्वित्झर्लंडमध्ये मिळाली. माज्जोरे सरोवराच्या तळाशी अनेक दशके पडून असलेली १९२५ ची एक लहान बुगाटी जुलै २००९ मध्ये वर काढण्यात आली. पत्रा चाळणीसारखा झालेला, लाकूड कुजलेले. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात तिला २ लाख ६० हजार ५०० युरो मिळाले; आणि घेणाऱ्या अमेरिकी संग्राहकाने तिचा जीर्णोद्धार न करता ती तशीच मांडली. कधीही न धावणाऱ्या गाडीला एवढे मोल मिळाले, ते तिच्या गंजामध्ये कोणतीही लबाडी नव्हती म्हणून.

या दोहोंच्या मध्ये उभी आहे ती ट्युरिनची सनद. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाने ती २०१२ मध्ये स्वीकारली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे जी सनद झाली, तिच्याच धर्तीवर ही रचलेली आहे. तिचा आशय साध्या शब्दांत असा : जे टिकवता येईल ते टिकवावे, बदल कमीत कमी करावा, शक्य तेथे त्या काळचेच पदार्थ आणि त्या काळचीच कारागिरी वापरावी, सुरक्षिततेसाठी वा कायद्यामुळे नवा पदार्थ घ्यावा लागला तर घ्यावा, परंतु काय बदलले, का बदलले याची नोंद ठेवावी, म्हणजे पुढच्या पिढीला जुने व नवे वेगळे ओळखता येईल.

संग्रहालयात हिंडताना आमच्याबरोबरच्या एका ज्येष्ठ भगिनींनी एका गाडीच्या उघड्या दारातून आत पाहिले आणि विचारले, “ही आसने कशाची?” प्रश्न छोटा, पण तो विचारल्यावाचून जैन मनुष्याला या दालनांतून पुढे जाता येत नाही. आसने चामड्याची होती. जुन्या मोटारीत चामडे असतेच. गाद्यांत घोड्याचे केस भरलेले असतात. लाकडाच्या सांध्यांत जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस, आणि लाकडावरील चमकेत कीटकांपासून मिळणारी लाख. बंद डब्याच्या राजेशाही गाड्यांत धन्याच्या आसनाला पुष्कळदा लोकरी कापड असे आणि उन्हापावसात बसणाऱ्या चालकाच्या आसनाला चामडे. तेवढाच काय तो अपवाद. म्हणजे ‘मूळ पदार्थच हवेत’ असा आग्रह धरला, तर एका गाडीच्या नव्या गादीकामासाठी अनेक मोठी जनावरे मारली जावयाची.

आपल्या आचार्यांनी हिंसा तीन प्रकारांनी सांगितली आहे : स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्यास अनुमोदन देणे. नवे चामडे विकत घेणारा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात येतो, यात शंका नाही. मग नव्वद वर्षांपूर्वीच्या जुन्या चामड्याचे काय? येथे दोन मते संभवतात. कोणी म्हणेल, असे आसन दृष्टीसमोरही नको. कोणी म्हणेल, त्या जीवाचा घात होऊन गेला. ते फेकल्याने तो जीव परत येत नाही, आणि फेकून त्या जागी नवे चामडे घालणे म्हणजे जुन्या पापावर नवे पाप चढविणे. हे दुसरे मत विचारात घेतले, तर एक गोष्ट ध्यानात येते. ‘जुने आहे ते फाटके-तुटके का होईना, टिकवा’ असे सांगणारा जतनवादी आणि अहिंसेचा उपासक हे दोघे पुष्कळ अंतर एकाच वाटेने चालतात. जो जुने जपतो, त्याला नव्या वधाची गरज पडत नाही. वध लागतो तो वस्तू कोरी करकरीत दिसावी या हव्यासाला.

आणि आसन खरोखरच नष्ट झाले असेल, तर? तर आपल्या घरच्या गाडीला रेक्झिन किंवा तत्सम कृत्रिम कापड घालावे. रेक्झिन ही काही काल-परवाची युक्ती नाही. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन केलेले हे कापड त्या काळच्याच अनेक ब्रिटिश गाड्यांत वापरले गेले आहे. आजचे कृत्रिम चामडे खनिज तेलापासून होते आणि तेही सर्वस्वी निर्दोष नाही, हे मान्य करावे. तरीही दोहोंत कमी हिंसेचे कोणते, हे सांगण्यास फार विचार लागत नाही. या निवडीमुळे प्रदर्शनात परीक्षक दोन गुण कमी देतील, तर देवोत. मात्र विकताना ‘मूळ चामडे’ म्हणून ते विकू नये.

सर्व वादाचे सार येथेच आहे असे मला वाटते. अनेकान्ताची शिकवण असलेल्या माणसाला ‘ही गाडी मूळ आहे काय?’ या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येणार नाही. सांगाड्याच्या अपेक्षेने मूळ आहे. बॉडीच्या अपेक्षेने नाही. रूपाच्या अपेक्षेने आहे. रंगाच्या अपेक्षेने नाही. प्रत्येक वस्तूत उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही एकाच वेळी चालू असतात, हे आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो. मोटारीत ते डोळ्यांनी दिसते : पर्याय बदलतात, तरी काही एक टिकते. म्हणून नवा पदार्थ घालणे हा दोष नव्हे. दोष आहे तो ‘अपेक्षा’ लपविण्यात. एका अपेक्षेने खरे असलेले विधान सर्व अपेक्षांनी खरे म्हणून विकण्यात.

व्यापाऱ्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी. प्रयोगशाळेत वाढविलेला हिरा हा हिराच असतो आणि तो विकण्यात काहीही गैर नाही. खाणीतला म्हणून विकला, तर ती चोरी. अठरा कॅरटचे सोने अठरा कॅरटचे म्हणून विकणारा सराफ सचोटीचा. त्याच सोन्याला बावीस म्हणणारा पिढीची पत घालवितो. मिश्र सुताचे कापड ‘मिश्र’ म्हणून दिले, तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते. म्युलूझची एस्दर्स रोडस्टर याच कारणाने मला आदरणीय वाटली. ती नव्याने उभी केलेली आहे, पण तिच्यापुरता हिशेब स्वच्छ आहे.

आपल्या परंपरेत जीर्णोद्धार हे मोठे पुण्यकर्म मानले आहे. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जुन्याचा उद्धार श्रेष्ठ, असे आपण ऐकत आलो. या बाबतीत आपल्यासमोर एक उजळ उदाहरण आहे, आणि तेही एका गिरणीमालकाचेच. अहमदाबादचे शेठ कस्तुरभाई लालभाई हे आणंदजी कल्याणजी पेढीचे अनेक दशके प्रमुख होते. राणकपूर आणि आबूची दिलवाडा मंदिरे यांचा जीर्णोद्धार त्यांच्या देखरेखीखाली झाला. दिलवाड्याच्या विमलवसहीची प्रतिष्ठा १०३१ सालची. नऊशेहून अधिक वर्षांनी तिच्या भग्न भागांसाठी दगड शोधताना सोयीचा कोणताही पांढरा संगमरवर न घेता, मूळ दगड ज्या अंबाजी-दांता परिसरातून आला होता, तेथूनच तो मिळविण्यात आला, आणि काम सोमपुरा शिल्पींच्या हाती देण्यात आले. जाती तीच, हात त्याच परंपरेचे, आणि सर्व काही संघाच्या डोळ्यांदेखत. दोन गिरणीमालक एकाच शतकातले. एकाने बंद दारांआड स्वतःसाठी जपले, दुसऱ्याने संघाचे विश्वस्त म्हणून संघासाठी.

आज मात्र आपल्या गावोगावी काय चालले आहे? सागवानी खांबांची, चुन्याच्या भिंतींची, वाड्यासारखी दिसणारी कित्येक जुनी मंदिरे ‘जीर्णोद्धार’ या नावाखाली भुईसपाट होतात. लाकूड भंगारात जाते, भित्तिचित्रांवर ऑइलपेंट चढतो, दगडी फरशीवर चकचकीत टाइल बसतात. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात; चुना ओल बाहेर सोडतो आणि सिमेंट ती आत कोंडते, त्यामुळे भिंत आतून खचत जाते, ही साधी गोष्टही कोणी विचारात घेत नाही. देणगीदार उदार असतात, विश्वस्तांची भावना शुद्ध असते; पण पन्नास वर्षांनी नातवाने विचारले की, ‘आजोबा, यातले जुने काय?’ तर दाखवावयास एक खांबही उरत नाही. त्या म्युलूझच्या सभागृहातील निष्कलंक झळाळी पाहताना मला आपलीच नवी संगमरवरी मंदिरे आठवत होती.

हान्स १९८९ मध्ये आणि फ्रिट्झ १९९२ मध्ये वारले. ज्या गाड्यांसाठी त्यांनी एवढा परिग्रह केला, त्या सभागृहाचे दार त्यांनी जगासाठी स्वतःच्या हाताने कधी उघडलेच नाही. गाड्या मात्र उरल्या, आणि आता त्या कोणा एकाच्या नसल्यामुळे सर्वांच्या झाल्या.

ज्यांना तेथे जाण्याचा योग येईल त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. बाझेलहून सकाळी निघून सायंकाळी परतता येते, पण संग्रहालयालाच निदान चार तास द्यावेत. शुद्ध शाकाहारी भोजनाची खात्री नसते. कांदा-बटाटा वर्ज्य असणाऱ्यांनी खाखरा, दशमी, सुकी चटणी आणि फळे सोबत ठेवावीत. उन्हाळ्यात तिकडे सूर्य फार उशिरा मावळतो, त्यामुळे चोविहार पाळणाऱ्यांची अडचण होत नाही; हिवाळ्यात मात्र वेळ सांभाळावी. मुलांना अवश्य न्यावे. रोयालच्या दालनात त्यांना तीन गाड्या दाखवाव्यात आणि विचारावे, यांतील खरी कोणती? उत्तर घाईने देऊ नये.

आणि परत आल्यावर, आपल्या संघात जेव्हा एखाद्या मंदिराच्या, धर्मशाळेच्या किंवा घरातील वडिलोपार्जित वस्तूच्या जीर्णोद्धाराचा ठराव येईल, तेव्हा खर्चाच्या अंदाजपत्रकाबरोबर आणखी एक वही उघडावी. पहिल्या पानावर आज काय आहे त्याची छायाचित्रे आणि मापे. पुढे काय काढले, का काढले, त्या जागी काय घातले, ते कोठून आणले, कोणत्या कारागिराने बसविले. दिवाळीला आपण हिशेबाच्या वह्या पूजतो. ही वही त्या वह्यांच्या शेजारी ठेवावी. विश्वस्त बदलतात, मालक बदलतात, रंग आणि गिलावेही बदलतात. पुढच्या पिढीला जुने आणि नवे वेगळे करून पाहता येईल ते या वहीवरूनच.